बाबा जुलाब लपवतायत आणि हॉस्पिटल विचारतंय, साइड इफेक्टच्या अभ्यासात नाव द्याल का?

देवगड तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते. वडील ६३ वर्षांचे, फुप्फुसाचा कॅन्सर. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात दर तीन आठवड्यांनी इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्याच राखणदार पेशींना कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधाचं, सलाईन चालू आहे, चार डोस झालेत. पैसे उभे करायला यंदा आंब्याची बाग कराराने दिली. मागच्या खेपेला तिथल्या रिसर्च टीमच्या मॅडमनी विचारलं, या औषधांचे साइड इफेक्ट कोणाला होतात, किती होतात याचा अभ्यास चालू आहे, नाव द्याल का? म्हणजे डोसच्या वेळी थोडं जास्तीचं रक्त, दर आठवड्याला फोनवर प्रश्न, आणि पुढे वर्षभर चौकशी. वडिलांनी तिथेच सांगितलं, "माझ्यार प्रयोग करूक मी देवचंय नाय." पनवेलचा भाऊ म्हणतो सही अजिबात करू नका, ह्यात कंपन्यांचा फायदा, आपल्याला काय मिळणार. ताईंना मात्र वाटतं की नाही म्हटलं तर डॉक्टर नाराज होतील आणि बाबांकडे नीट बघणार नाहीत. आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं: गेले आठ दिवस बाबांना दिवसातून पाच-सहा वेळा पातळ होतंय, अंगाला खाज आहे, पण "ह्या कोणाक सांगू नको, औषध बंद करतले" असं म्हणून ते मेडिकलमधनं गोळी आणून खातायत. ताई विचारतात, बाबांना अभ्यासासाठी तयार करू की नको?

ताई, तुमचा प्रश्न अभ्यासाचा आहे, पण मी सुरुवात तुमच्या शेवटच्या तीन ओळींपासून करणार, कारण अभ्यासाचं पुढच्या महिन्यात ठरवलंत तरी चालेल, जुलाबाचं आज सांगायला हवं. आज म्हणजे हे वाचून झाल्यावर लगेच. फाईलवर डे केअरचा (सलाईन देतात त्या विभागाचा) किंवा डॉक्टरांच्या टीमचा नंबर असेल, तिथे फोन लावा आणि सांगा की बाबा कुठल्या औषधावर आहेत, शेवटचा डोस कुठल्या तारखेला झाला, आणि रोजच्या सवयीपेक्षा किती वेळा जास्त जावं लागतंय. हे शेवटचं नीट मोजून सांगा. कारण डॉक्टर लोक पायऱ्या लावतात त्या यावरच, नेहमीपेक्षा जास्तीच्या खेपा चारपेक्षा कमी असतील तर पहिली पायरी, चार ते सहा असतील तर दुसरी, सात किंवा त्याहून वर गेल्या तर तिसरी. बाबांना आधी सकाळी एकदाच जायची सवय असेल आणि आता पाच-सहा वेळा होत असेल तर ते दुसऱ्या पायरीवर आहेत, आणि तेसुद्धा गोळी खाऊन! गोळी नसती तर आकडा काय असता हे आपल्याला माहीतच नाही.

त्या गोळीचंच मला जास्त टेन्शन आलंय. मेडिकलमधली जुलाब थांबवायची गोळी आतड्याची हालचाल मंद करते, पण इम्युनोथेरपीमुळे आतड्याला आलेली सूज त्याने कमी होत नाही, वरवर बरं वाटतं आणि आत सूज वाढत राहते. फारच दुर्लक्ष झालं तर आतड्याला भोक पडण्यापर्यंत जाऊ शकतं. म्हणून डॉक्टरांनी सांगेपर्यंत ती गोळी नको, आणि खाल्ली आहे हेही फोनवर लपवू नका. शौचाला रक्त दिसलं, पोटात कळा आल्या, ताप आला, चक्कर आली किंवा लघवी कमी झाली तर फोनची वाट न बघता १०८ बोलवा आणि जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या, मुंबईची गाडी मिळेपर्यंत थांबायचं नाही.

आता बाबांच्या भीतीकडे येते, कारण ती भीती खोटी नाहीये आणि तिला उत्तर मिळालं नाही तर ते पुढच्या वेळी परत लपवतील.

आपल्या रक्तातल्या काही पेशी शरीराची राखण करतात, त्यांनी कॅन्सरला ओळखून मारायला हवं, पण कॅन्सर त्यांना गप्प बसवायची युक्ती करतो. तुमच्या बागेत वानर हाकलायला कुत्रा ठेवलाय आणि कोणीतरी तो बांधून ठेवलाय असं समजा. पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब अशी औषधं ती साखळी सोडतात. मग कुत्रा वानरांच्या मागे तर लागतोच पण कधीकधी घरच्या माणसांच्याही अंगावर जातो. अशी साखळी सोडून कॅन्सरवर उपचार करता येतो हे शोधल्याबद्दल २०१८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल जेम्स अॅलिसन आणि तासुकु होन्जो यांना मिळालं. आणि याच कारणाने हे साइड इफेक्ट केमोसारखे नसतात, केस जाणं, उलट्या हे फार नाही, इथे सूज येते, आणि ती कुठल्याही अवयवाला येऊ शकते. कातडी, आतडी, लिव्हर, फुप्फुस, थायरॉइड, किडनी, सांधे, क्वचित हृदय. वेळही ठरलेली नाही. खाज आणि पुरळ सहसा आधी येतं, आतड्याचं, थायरॉइडचं काही आठवड्यांनी-महिन्यांनी, आणि औषध बंद झाल्यावर कित्येक महिन्यांनी नवीन काहीतरी उपटलं असंही होतं.

बाबा समजतायत की सांगितलं की औषध गेलं. तसं सरसकट होत नाही. पहिल्या पायरीवर बहुतेक वेळा औषध चालूच ठेवतात आणि लक्ष ठेवतात. दुसऱ्या पायरीवर सहसा एखादा डोस पुढे ढकलतात, गरजेनुसार स्टेरॉइड देतात, सूज उतरली की पुन्हा सुरू करतात. थायरॉइड मंदावलं तर रोजची गोळी लागते आणि इम्युनोथेरपी चालू राहते. चौथ्या, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या पायरीवर, किंवा हृदयाला सूज आली तर मात्र कायमचं बंद करतात, हे मी लपवणार नाही. म्हणजे बघा ना, लवकर सांगणारा माणूस खालच्या पायरीवर सापडतो आणि त्याचं औषध टिकायची शक्यता जास्त असते, लपवणारा वरच्या पायरीवर सापडतो. बाबा औषध वाचवायला जे करतायत त्यानेच ते औषध हातचं जायची भीती आहे, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. मेलॅनोमाच्या (कातडीच्या एका कॅन्सरच्या) पेशंटांचा एक अनुभवही सांगण्यासारखा आहे, दोन इम्युनोथेरपी औषधं एकत्र घेताना ज्यांना साइड इफेक्टमुळे सुरुवातीलाच थांबावं लागलं त्यांचा फायदा, पुढे चालू ठेवलेल्यांच्या मानाने कमी झालेला दिसला नाही. तो कॅन्सर वेगळा, औषधंही दोन, त्यामुळे बाबांना जसंच्या तसं लावू नका, पण डोस चुकला म्हणजे सगळं संपलं असं नसतं एवढं त्यातून कळतं. बाग कराराने दिलेल्या माणसाला एक डोस पुढे गेला तरी सगळं पाण्यात गेल्यासारखं वाटतं, त्यामागचं दुःख मला समजतं, म्हणून हे एवढं खुलवून लिहितेय.

स्टेरॉइडचं एक. ते सुरू झालं तर डॉक्टर सांगतील तसंच हळूहळू, बऱ्याचदा महिना-दीड महिना घेऊन कमी करायचं असतं. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायचं नाही. गावात "स्टेरॉइड वाईट" असं सांगणारे दहा जण भेटतील.

आपल्या कोकणात आणखी एक घोळ होतो. पावसात ताप आला, डोळे पिवळे दिसले की आपल्याकडे पहिली शंका लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची), आणि ती रास्तच आहे, सिंधुदुर्गात लावणीच्या दिवसात डॉक्टर त्यासाठी कायम सावध असतात. पण इम्युनोथेरपीवरच्या माणसाचे डोळे लिव्हरच्या सुजेनेही पिवळे होतात. जुलाब झाले की शिळं मासं खाल्लं नाहीतर विहिरीचं पाणी बाधलं, धाप लागली की "कॅन्सरच आहे फुप्फुसाचा, लागणारच". फुप्फुसाच्या पेशंटला नवीन खोकला किंवा घाटी चढताना नेहमीपेक्षा जास्त दम ही औषधामुळे आलेली सूजही असू शकते आणि तिच्यासाठी थांबून चालत नाही. तुमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना ही औषधं रोज बघायला मिळत नाहीत, त्यांचा काही दोष नाही, सांगायचं काम आपलं. एका कार्डावर औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, मुंबईच्या टीमचा नंबर लिहून बाबांच्या पाकिटात ठेवा, आणि तपासणीला गेल्यावर पहिलं वाक्य "हे इम्युनोथेरपीवर आहेत" हेच असू दे.

आणि काढे. पत्रात नाही लिहिलंत पण बहुतेक घरांत असतातच म्हणून विचारते, गुळवेल चालू आहे का? "इम्युनिटी वाढते" म्हणून शेजारी आणून देतात. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या लिव्हरला सूज आल्याच्या केसेस प्रसिद्ध केल्या होत्या, त्यावर वादही झाला, पण आधीच ज्या औषधाने लिव्हरला सूज येऊ शकते त्याच्या जोडीला हा काढा कशाला? लिव्हर बिघडलं तर कशाने बिघडलं हे डॉक्टरांनाही कळणार नाही. जे काय घेत असतील ते फोनवर सांगून टाका.

आता अभ्यास. बाबा प्रयोग म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर नवीन, कोणी न घेतलेलं औषध टोचणं आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा तसा प्रकार दिसत नाही. औषध तेच, डोस तोच, जो अभ्यास नसता तरी मिळाला असता. फक्त काय काय होतंय ते लिहून घेणार आणि रक्त जपून ठेवून नंतर तपासणार. असे अभ्यास का लागतात हेही सांगते. या जातीतलं पहिलं औषध, इपिलिमुमॅब, अमेरिकेत २०११ ला मंजूर झालं. म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. औषध मंजूर होण्याआधीच्या चाचण्यांत सहसा बऱ्या तब्येतीचे, निवडून घेतलेले पेशंट असतात, ज्यांना आधीच संधिवातासारखा आजार आहे किंवा जे फार थकलेले आहेत त्यांना बहुतेक वेळा घेत नाहीत. मग खऱ्या आयुष्यात हे औषध वयस्कर, डायबेटिसवाल्या, गावाहून येणाऱ्या माणसांना देतात आणि कोणाला काय होईल हे आधी सांगता येईल अशी भरवशाची टेस्ट आजही नाही. एकच औषध दिलं तरी एखाद्याच्या आतड्याला सूज येते आणि दुसऱ्याला साधी खाजही नाही, हे का, याचं उत्तर रक्तात शोधायचा प्रयत्न चाललाय.

शिवाय डॉक्टरांच्या नोंदीत सगळं येतच नाही. पाच मिनिटांच्या ओपीडीत पेशंट "बरां आसा" म्हणतो आणि डॉक्टर तसं लिहितात. पेशंटने स्वतः सांगितलेला त्रास आणि डॉक्टरांनी लिहिलेला त्रास यात तफावत असते हे वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलंय. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात ७६६ पेशंटांवर एक तुलना झाली, ती केमोवरच्या पेशंटांची होती. निम्म्यांपेक्षा थोडे जास्त लोक आपला त्रास नियमित टॅबलेटवर किंवा घरून कॉम्प्युटरवर नोंदवायचे आणि तो वाढला की नर्सला निरोप जायचा, बाकीच्यांचं नेहमीसारखं चालू होतं. २०१७ मध्ये निकाल आला, नोंदवणाऱ्या गटातले निम्मे लोक ३१.२ महिन्यांहून जास्त जगले, दुसऱ्या गटातले निम्मे २६ महिन्यांहून. नुसतं वेळेवर सांगितल्याने! म्हणून दर आठवड्याचा तो फोन मला बाबांसाठी मोलाचा वाटतो, जो माणूस मुलीला "कोणाक सांगू नको" म्हणतो त्याला कोणीतरी दर आठवड्याला नाव घेऊन "पोट कसं आहे" विचारणार. पण इथे एक गोष्ट आधी पक्की करा. फोनवर सांगितलेला त्रास त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत जातो का, की फक्त अभ्यासाच्या फॉर्मवर पडून राहतो? पडून राहणार असेल तर अभ्यासाच्या भरवशावर राहू नका, डॉक्टरांना वेगळं कळवा.

भावाचा मुद्दा, आपल्याला काय मिळणार. बाबांना थेट फायदा कदाचित काहीच होणार नाही, रक्ताचे निकाल यायला वर्षं जातील. फायदा पुढच्या पेशंटांना. पण "आपल्यासारख्यांचा" अभ्यास आपल्याकडे झाला की काय होतं याचं उदाहरण मुंबईतच आहे. टाटा मेमोरियलमध्ये तोंड-घशाचा बराच वाढलेला कॅन्सर असलेल्या १५१ पेशंटांनी एका चाचणीत भाग घेतला, ती औषधाचीच चाचणी होती, तुमच्यासारखी नुसती नोंदींची नव्हे. नेहमी दर दोन आठवड्यांना २४० मिलीग्रॅम देतात त्या निव्होलुमॅबचा फक्त २० मिलीग्रॅमचा डोस दर तीन आठवड्यांनी, तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्यांच्या जोडीला. २०२२ मध्ये निकाल आला, नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर १६.३ टक्के लोक हयात होते, जोडीला हा छोटा डोस दिलेल्यांत ४३.४ टक्के. ज्यांना पूर्ण डोस परवडत नाही अशा कितीतरी घरांना त्या १५१ जणांच्या सह्यांमुळे एक रस्ता दिसला. भाऊंना हे वाचून दाखवा. कंपनीचा पैसा आहे का हा त्यांचा प्रश्न मात्र योग्य आहे आणि त्याचं उत्तर माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, नसेल तर विचारायचा हक्क आहे.

ते माहितीपत्रक मराठीत मागा आणि घरी आणा, तिथल्या तिथे सही करायची काहीच गरज नाही. घरी सगळे बसून वाचा. प्रत्येक वेळी किती रक्त, ते नेहमीच्या तपासणीच्याच सुईने काढणार का? जास्तीची बायोप्सी आहे का? (असेल तर मी तरी दहादा विचार करीन.) फक्त अभ्यासासाठी मुंबईची वेगळी खेप पडणार का, कारण कणकवलीहून रात्रीची गाडी पकडून जाणं हे आजारी माणसाला काय असतं हे तिथल्या टीमला सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि पडणार असेल तर तिकीट कोण देणार. रक्त कुठे ठेवणार, किती वर्षं, परदेशात पाठवणार का, त्यावर जेनेटिक टेस्ट करणार का, नाव कोणाकोणाला दिसणार. काही गंभीर सापडलं तर आम्हाला सांगणार का. वाडीत रेंज नसेल तर फोन कुठल्या नंबरवर. एथिक्स कमिटीची (अभ्यासात पेशंटांचं हित जपलं जातंय ना हे बघणाऱ्या समितीची) परवानगी आणि त्यांचा नंबर कागदावर असायलाच हवा, आणि भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत अभ्यास नोंदवलाय का तेही विचारा, औषधाच्या चाचण्यांना ती नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे, नुसत्या नोंदींच्या अभ्यासांना नाही, पण बरेच जण करतात.

राहिली तुमची भीती, नाही म्हटलं तर डॉक्टर नाराज होतील. नियम असा आहे की नाही म्हटल्याने, किंवा हो म्हणून मध्येच बाहेर पडल्याने उपचारात काडीचाही फरक पडता कामा नये, आणि हे त्या फॉर्मवरच छापलेलं असतं. कोणी तसं सुचवलं जरी तरी एथिक्स कमिटीला फोन करा. भीतीपोटी केलेली सही मला नको वाटते, मग अभ्यास कितीही चांगला असो.

आणि ताई, "बाबांना तयार करू का" हा प्रश्नच थोडा बदला असं सुचवीन. बाबा शुद्धीत आहेत, समजतं त्यांना, सही त्यांची आहे. तुमची नाही, भावाची तर नाहीच. तुमचं काम कागद वाचून दाखवायचं आणि त्यांचे प्रश्न त्या मॅडमपर्यंत न्यायचं. आधी जुलाबाचं मिटू दे, डॉक्टरांनी काय केलं ते बाबांनी स्वतः बघू दे, सांगूनही औषध सुरू राहिलं हे दिसलं तर त्यांचा निम्मा विरोध आपोआप जाईल. आणि डोस खरंच पुढे गेला तर त्या दिवशी अभ्यासाचा विषयही काढू नका.

ते शेवटी नाहीच म्हणाले तर नाही. वही मात्र घाला, अभ्यास असो नसो. शाळेची साधी वही, रोज रात्री एक ओळ: किती वेळा झालं, खाज, खोकला, धाप, ताप, थकवा, वजन आठवड्यातून एकदा, तहान आणि लघवी अचानक वाढली का (साखर एकदम वाढते काहींची), पापण्या जड होऊन खाली येतात का, छातीत दुखतंय का. शेवटच्या दोन गोष्टी दिसल्या तर वहीत लिहीत बसू नका, लगेच हॉस्पिटल. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन कोरोनापासून कोणाकडे तरी पडून असेल ते मागून आणा, त्याचाही आकडा लिहा. शेवटचा डोस झाल्यावरही वर्षभर तरी वही सुरू ठेवा.

अभ्यासात नाव न देताही बाबांचा त्रास देशाच्या नोंदीत जाऊ शकतो, हे फार कमी लोकांना माहीत आहे. फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया २०१० पासून आहे, औषधाचा दुष्परिणाम पेशंट किंवा घरचे स्वतः कळवू शकतात, फॉर्म मराठीतही आहे, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी दिवसा लावा. वही समोर घेऊन बसा, औषधाचं नाव आणि तारखा विचारतात. पण आधी तो दुसरा फोन, डे केअरचा.